कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ नेचं: नाव पानाच्या कडेवर शोधा

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "ऑगस्टमध्ये कोडगूला गेलो होतो. ओढ्याकाठच्या एका झाडाच्या बुंध्यावर, शेवाळात मिसळलेली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक पानं दिसली. तीन-चार सेंटिमीटर लांब. तीन फोटो काढले आणि खाली गळून पडलेली दोन पानं डायरीत ठेवली. मोबाइलचं अ‍ॅप म्हणतं हायमेनोफायलम. एक मित्र म्हणतो हे नेचं नाहीच, शेवाळाचाच प्रकार. जुन्या पुस्तकात तसंच चित्र ट्रायकोमॅनिस नावाखाली आहे, आणि नव्या यादीत तीच वनस्पती क्रेपिडोमॅनिस म्हणून. खरं नाव कोणतं?"

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. बुंध्यावर दिसलेली वनस्पती नेमकी कोणती, हा ओळखीचा प्रश्न. तिला आज कोणत्या नावानं हाक मारायची, हा वर्गीकरणाचा. पहिल्याचं उत्तर तुमच्या डायरीतल्या दोन पानांत आहे, दुसऱ्याचं गेल्या पावणेतीनशे वर्षांच्या वनस्पतिशास्त्रात. लोक बहुतेक वेळा दुसऱ्यापासून सुरुवात करतात आणि गोंधळतात. आपण पहिल्यापासून जाऊ.

आधी मित्राच्या शंकेबद्दल. ती अगदी रास्त आहे. ही नेची शेवाळातच राहतात, शेवाळाएवढीच दिसतात आणि शेवाळासारखीच ओली-कोरडी होतात. पण तुमच्या पहिल्या फोटोत पानाच्या प्रत्येक फाट्यातून एकेक काळसर शीर जाताना दिसते, आणि त्या सगळ्या शिरा मधल्या मुख्य शिरेतून फुटलेल्या आहेत. शेवाळाच्या पानात असलीच तर बहुधा मधोमध एकच रेघ असते, तिला अशा फांद्या फुटत नाहीत. लिव्हरवर्टच्या, म्हणजे शेवाळासारख्याच दुसऱ्या एका चिमुकल्या वनस्पतिगटाच्या, पानात तर शीरच नसते. फाटे फुटणारी शीर दिसली की नेचं समजायचं.

आता हे पान इतकं पारदर्शक का, ते समजून घ्या, कारण पुढची सगळी ओळख त्यावर उभी आहे. साध्या नेच्याच्या पानात, म्हणजे पावसाळ्यात सिंहगडाच्या कातळात डोलणाऱ्या हंसराजच्या पानात सुद्धा, पेशींचे अनेक थर असतात, वर मेणचट आवरण असतं, हवेच्या ये-जा करण्यासाठी रंध्रं असतात. फिल्मी फर्नच्या, म्हणजे अशा पापुद्र्यासारख्या पानांच्या नेच्यांच्या कुळात, हायमेनोफायलेसीमध्ये, शिरा सोडल्या तर पान बहुतेक जातींत एकाच पेशीच्या जाडीचं असतं. रंध्रं नाहीत, आवरण नसल्यात जमा. पाणी थेट पानाच्या पृष्ठभागातून आत येतं आणि तिथूनच निघून जातं. म्हणून हवा कोरडी झाली की पान आक्रसतं आणि पाऊस आला की पुन्हा उलगडतं. सह्याद्रीत उत्तरेकडे सरकावं तसा कोरडा काळ लांबत जातो. आपल्याकडे ऑक्टोबरनंतर जून उजाडेपर्यंत हवेत असा ओलावा राहत नाही. कोडगू, वायनाड, निलगिरी या भागांत तो काळ आखूड आहे, शिवाय ओढ्याकाठच्या दाट सावलीत सकाळचं धुकं बुंध्यांना ओलं ठेवतं. त्यामुळे पुण्याच्या माणसाला हे नेचं पहिल्यांदा भेटतं ते बहुधा दक्षिणेच्या सहलीतच. तुम्हाला ते दिसलं आणि त्याच्यासमोर तुम्ही थांबलात, याचा मला मनापासून आनंद झाला. शंभरातले नव्वद लोक शेवाळ म्हणून पुढे जातात.

आता अ‍ॅपकडे येऊ. अ‍ॅप पानाचा आकार बघतं, आणि या कुळात पानाचा आकार हा सगळ्यात बेभरवशाचा पुरावा आहे. एकाच बुंध्यावर, एकाच सरपटणाऱ्या खोडाला, वरच्या बाजूला बोटभर लांब पान आणि खालच्या अंधाऱ्या खाचेत नखाएवढं पान मी पाहिलं आहे. फाटे किती फुटतात, दाट की विरळ, कडा सपाट की मुरडलेल्या, हे सगळं ओलाव्यावर आणि पानाच्या वयावर ठरतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायचे: पानाची बाह्याकृती शेवटी बघा, आधी कडेवरचे "पेले" शोधा.

तुमच्या दुसऱ्या फोटोत पानाच्या टोकांना बारीक काळे केसासारखे तंतू बाहेर आलेले दिसतात. तुम्ही त्यांना "मुळं असावीत" असं लिहिलं आहे. ती मुळं नाहीत, आणि तोच तुमच्या तिन्ही फोटोंतला सगळ्यात मोलाचा भाग आहे. फिल्मी फर्नच्या बीजाणुधान्या (बीजाणू तयार होणाऱ्या बारीक पिशव्या) पानाच्या मागे ठिपक्यांसारख्या नसतात. शिरेच्या टोकाला, अगदी कडेवर, एक छोटं पेल्यासारखं आवरण असतं आणि त्याच्या आतून एक दांडा वर येतो. बीजाणुधान्या त्या दांड्याभोवती लागतात. हा दांडा तळाशी वाढत राहतो, म्हणून टोकाच्या धान्या आधी पिकून गळतात आणि उघडा दांडा केसासारखा बाहेर डोकावत राहतो.

इथून कुळाचे दोन मोठे गट वेगळे होतात. हायमेनोफायलममध्ये ते आवरण दोन शिंपल्यांसारखं असतं, बहुतेकदा तळापर्यंत चिरलेलं, आणि दांडा सहसा आतच राहतो. ट्रायकोमॅनिसच्या गटात आवरण तुतारीसारखं किंवा नरसाळ्यासारखं नळीदार असतं आणि दांडा लांब बाहेर येतो. तुमच्या फोटोत दांडे आवरणाच्या दुप्पट-तिप्पट लांब आहेत, आवरणाचा खालचा भाग सलग नळीचा आहे. म्हणजे अ‍ॅपचं उत्तर चुकलं.

अ‍ॅप चुकलं त्याला एक कारणही आहे. तुमच्या नेच्याच्या नळीचं तोंड पुढे दोन ओठांत विभागलेलं आहे. वरून पाहिलं की ते दोन शिंपल्यांसारखं भासतं. इथे नवशिक्यांची हमखास फसगत होते. म्हणून चीर नुसती आहे का हे पाहून थांबू नका, ती कुठपर्यंत गेली आहे ते पाहा. फक्त तोंडाशी असेल आणि खाली नळी असेल तर ट्रायकोमॅनिसचा गट. उलट काही हायमेनोफायलममध्ये चीर अर्ध्यावरच थांबते आणि दांडाही थोडा बाहेर येतो, तेव्हा नुसत्या पेल्यावर निकाल देता येत नाही. मग मी खोड बघते. तुमच्या तिसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात ते दिसतंय: दोऱ्याएवढं बारीक, लांब सरपटलेलं, आणि गडद केसांनी भरलेलं. क्रेपिडोमॅनिसचं खोड असंच असतं, आणि त्याला बहुधा मुळं नसतातच. पकडून ठेवण्याचं काम हे केसच करतात. हायमेनोफायलमचं खोडही दोऱ्यासारखं असतं, पण त्याला बारीक का होईना मुळं असतात आणि अशी दाट केसाळ लव सहसा नसते.

इतर शक्यता भराभर बाजूला करता येतात. डिडिमोग्लॉसमची पानं नखाएवढी आणि बहुधा न फाटलेली असतात. सेफॅलोमॅनिसचं खोड उभं आणि मुळं जाड, ते जमिनीवर वाढतं. अ‍ॅब्रोडिक्टियमही बहुधा जमिनीवरचं किंवा दगडावरचं, आखूड खोडाचं. क्रेपिडोमॅनिस मायन्यूटम हे याच प्रजातीतलं (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस), पण त्याचं पान इवल्याशा पंख्यासारखं असतं आणि देठातूनच नवी पानं फुटतात. तुमचं पान पिसासारखं विभागलेलं आहे, म्हणून तेही नाही.

इथपर्यंतचा हिशेब असा: ते नेचं आहे हे नक्की, फिल्मी फर्नच्या कुळातलं हे नक्की, आणि प्रजाती क्रेपिडोमॅनिस हेही मी पेला आणि खोड या दोन्ही खुणांवरून खात्रीनं सांगते. जात मात्र फोटोवरून सांगता येणार नाही. ती का, ते आता सविस्तर सांगते.

क्रेपिडोमॅनिसच्या बऱ्याच जातींच्या पानात "खोट्या शिरा" असतात. खरी शीर पाणी वाहून नेते आणि मुख्य शिरेला जोडलेली असते. खोटी शीर म्हणजे लांबट, जाड भिंतींच्या पेशींची नुसती एक रांग. तिच्यात पाणी नेणाऱ्या नळ्या नसतात आणि ती खऱ्या शिरेला जोडलेली नसते. साध्या डोळ्याला ती दिसत नाही. भिंगातून, मागून उजेड सोडला तर एखादी फिकट रेघ जाणवते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र आजूबाजूच्या गोलसर, हिरव्या दाण्यांनी भरलेल्या पेशींमधून ती लांबट पेशींची ओळ स्वच्छ उठून दिसते. दक्षिण घाटातल्या पिसासारख्या पानांच्या क्रेपिडोमॅनिसची जात या रेघा कुठे आहेत त्यावर ठरते.

क्रेपिडोमॅनिस बायपंक्टेटममध्ये पानाच्या कडेला समांतर, कडेपासून पेशींच्या एक-दोन ओळी सोडून, एक सलग खोटी शीर धावते. त्याशिवाय तिच्या आणि खऱ्या शिरेच्या मध्ये तुटक तुकडेही असतात. क्रेपिडोमॅनिस लॅटिअलेटममध्ये कडेची सलग शीर नसते, फक्त मधले तिरपे तुटक तुकडे असतात. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत सापडणाऱ्या क्रेपिडोमॅनिस इंट्रामार्जिनेलमध्ये कडेची शीर असते, मधले तुकडे साधारणपणे नसतात. या शेवटच्या नावाचा अर्थच "कडेच्या आत" असा आहे, पण नावावरून फसू नका, कडेची शीर बायपंक्टेटमलाही आहे. आणि "लॅटिअलेटम" म्हणजे रुंद पंखांचं, पण देठावर पंख, म्हणजे कडेनं पातळ पट्टी, बायपंक्टेटमलाही असतात.

यात माझी स्वतःची एक चूक सांगण्यासारखी आहे. शिकत असताना दक्षिण घाटातून आणलेल्या एका फिल्मी फर्नचे तीन नमुने मी वाळवून, कागदावर चिकटवून, लॅटिअलेटम असं लेबल लावून संग्रहात दिले होते. मी वाळलेलं पान भिंगाखाली नीट तपासलं होतं. कडेची शीर कुठेच नव्हती. जवळपास दीड वर्षानं एका ज्येष्ठ अभ्यासकांनी ते नमुने काढले आणि एकच विचारलं, "भिजवून पाहिलं होतंस का?" मी नव्हतं पाहिलं. संग्रहपालांच्या परवानगीनं एक फाटा काढून कोमट पाण्यात टाकला. वाळताना पानाची कड आत वळून बसली होती. ती पाण्यात हळूहळू उलगडत गेली आणि तिच्याबरोबर ती रेघही बाहेर आली, अगदी सलग, टोकापासून तळापर्यंत. तिन्ही नमुने बायपंक्टेटम निघाले. जुनं लेबल खोडायचं नसतं. त्याशेजारी तारीख घालून दुरुस्तीची नवी चिठ्ठी लावायची असते. त्या तीन चिठ्ठ्या लावताना जे शिकले ते पुढे प्रत्येक तुकडीला पहिल्याच प्रात्यक्षिकात शिकवलं.

म्हणून डायरीतल्या पानांचं काय करायचं ते सांगते. दोन्ही पानं वापरू नका, एकाचा एकच फाटा कात्रीनं कापा, पेला असलेला मिळाला तर उत्तम. पांढऱ्या बशीत कोमट पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका, म्हणजे पाणी पानाला चटकन चिकटेल. फाटा तरंगत सोडा. एका पेशीची जाडी असल्यामुळे तो काही मिनिटांतच मऊ होतो. चिमट्यानं ओढू नका, नुसता ओल्या कुंचल्यानं कड उलगडा. मग काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर पातळ काच ठेवा आणि शंभरपट मोठं करून पाहा. टोकापेक्षा फाट्याचा मधला भाग बघा, कारण टोकाशी रेघा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात. एकाच फाट्यावर विसंबू नका, निदान तीन ठिकाणी कड तपासा. तुमच्या तिसऱ्या फोटोत एका फाट्याच्या कडेला फिकट रेघ मला दिसल्यासारखी वाटली, पण ती घडीही असू शकते, म्हणून मी ती पुरावा मानत नाही.

सूक्ष्मदर्शक जवळ नसेल तर कोणत्याही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विनंती करा. हे काम दहा मिनिटांचं आहे. ताडून पाहायला पुण्यासारखं शहर नाही. कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे आणि त्यांचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह मोठा आहे. आघारकर संशोधन संस्थेतही संग्रह आहे. आधी पत्र लिहून परवानगी घ्या, आणि फोटोऐवजी भिजवून पाहिलेला फाटा, निरीक्षणांची नोंद आणि ठिकाणाची माहिती घेऊन जा. बायपंक्टेटम आणि इंट्रामार्जिनेलचा निवाडा नमुने शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मीही करत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नावांचा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये ट्रायकोमॅनिस ही प्रजाती मांडली. १७९३ मध्ये स्मिथनं दोन शिंपल्यांची नेची हायमेनोफायलम म्हणून वेगळी काढली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं बहुतेक लेखक ही दोनच घरं मानत होते, म्हणून तुमच्या जुन्या पुस्तकात तेच चित्र ट्रायकोमॅनिसखाली आहे. पॉयरेनं १८०८ मध्ये बायपंक्टेटमला नाव दिलं तेही ट्रायकोमॅनिस बायपंक्टेटम असंच. १९३८ मध्ये कोपलंड यांनी दुसरं टोक गाठलं आणि कुळाच्या तीसहून अधिक प्रजाती केल्या. बायपंक्टेटम क्रेपिडोमॅनिसमध्ये गेलं ते तेव्हा. मग पुढची काही दशकं कुणी दोन मानायचं, कुणी सहा, कुणी तीस. २००६ मध्ये एबिहारा आणि सहकाऱ्यांनी डीएनएचा आधार घेऊन नऊ प्रजाती मांडल्या, आणि २०१६ च्या आंतरराष्ट्रीय नेचे-वर्गीकरणानं त्याच नऊ स्वीकारल्या. त्यात कुळाच्या एकूण जाती ४३४ धरल्या आहेत.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. डीएनएनं स्मिथची रेघ पुसली नाही. शिंपल्यांचा गट आणि तुताऱ्यांचा गट खरोखरच दोन वेगळ्या शाखा निघाल्या. हायमेनोफायलम आजही सुमारे अडीचशे जातींची एकच प्रजाती आहे. बदल झाला तो दुसऱ्या बाजूला: जुन्या ट्रायकोमॅनिसचे आठ भाग झाले, आणि तुमचं नेचं त्यातल्या क्रेपिडोमॅनिसमध्ये येतं. म्हणजे जुनं पुस्तक चुकीचं नाही, त्याची चौकट मोठी होती. दोन्ही नावं एकाच वनस्पतीची आहेत. आज लिहिताना क्रेपिडोमॅनिस लिहा आणि जुनं नाव समानार्थी म्हणून जोडा, म्हणजे जुने संदर्भ शोधणाऱ्याला धागा मिळेल.

सगळं इतकं स्वच्छ असतंच असं नाही. क्रेपिडोमॅनिस मायन्यूटमच्या गटात, जपानमधल्या अभ्यासात दिसलं त्याप्रमाणे, संकर आणि गुणसूत्रांच्या संचांची वाढ यांमुळे जातींची जाळीच विणली गेली आहे. तिथे सूक्ष्मदर्शकही पुरत नाही. पेले नसलेलं कोवळं पान हाती आलं तर प्रजातीपर्यंत पोहोचणंही अवघड होतं. तुम्हाला पेले असलेलं पान मिळालं, हे तुमचं नशीब.

पुन्हा गेलात तर एक विनंती आहे. बुंध्यावरची गादी उपटू नका. अशी गादी पसरायला वर्षं लागतात, आणि वनक्षेत्रातून काहीही गोळा करायला वन विभागाची परवानगी लागते. परवानगी असली तरी एका खोडाचा बोटभर तुकडा पुरतो. तो पाण्यावर तरंगवून खालून कागद सरकवून उचला, वर मलमलीचं फडकं ठेवून दाबा, म्हणजे पान वर्तमानपत्राला चिकटून फाटणार नाही. बाकी फोटो काढा: पेल्याचा बाजूनं, खोडाचा जवळून, आणि एक पान टॉर्चसमोर धरून मागच्या उजेडात.

सध्या मात्र हातातल्या दोन पानांचं बघा. डायरीतून काढून कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर पेन्सिलीनं लिहा: तारीख, गाव, अंदाजे उंची, ओढ्यापासूनचं अंतर, झाड कळलं असेल तर झाड, बुंध्यावर जमिनीपासून किती उंचीवर होतं ते. फाटा भिजवल्यावर कडेची रेघ सलग आणि मधले तुकडेही दिसले तर खाली "क्रेपिडोमॅनिस बायपंक्टेटम, पडताळणी बाकी" असं लिहा. कडेची रेघ तिन्ही ठिकाणी नसेलच तर "क्रेपिडोमॅनिस लॅटिअलेटम, पडताळणी बाकी". आणि काहीच नीट ठरलं नाही तर "क्रेपिडोमॅनिस, जात अनिश्चित" एवढंच लिहा, भिजवलेला फाटा पुन्हा वाळवून त्याच पाकिटात ठेवा, आणि सूक्ष्मदर्शकातून काढलेला कडेचा फोटो मला पाठवा.